अर्धा अंगठा

"आले! दारापर्यंत आले! कोण आलंय ते ओळखा!"

महाराज असं ओरडले की हॉलमधल्या तीनशे माना एकदम दाराकडे वळायच्या. दारात कोणीच नसायचं. चपलांचा ढीग असायचा आणि त्यावर लक्ष ठेवणारा एक कंटाळलेला माणूस. तरी माझ्या शेजारची बाई हुंदके द्यायला लागली, "आमचे हेच! हेच ते! पायरी चढताना असेच खोकायचे!" खोकला होता तो चपलावाल्याचा.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल. रविवारची सकाळ, बाहेर लख्ख ऊन, आणि आत पडदे ओढून ट्यूबलाइट लावलेल्या. पुढे टेबल, टेबलावर काचेचं मोठं भांडं, भांड्यात पाण्यासारखं काहीतरी. रांगेतल्या माणसानं घरातलं जुनं चांदीचं नाणं द्यायचं. मळलेलं, तपकिरी पडलेलं ते नाणं महाराज भांड्यात बुडवायचे, पाच मोजायचे, आणि बाहेर काढायचे तेव्हा ते लखलखीत झालेलं असायचं. लोक "आहाहा" करायचे.

"पिढ्यांचा मळ गेला!" महाराज म्हणायचे. मग ते नाणं फडक्यानं पुसत, उजव्या अंगठ्याखाली दाबून कपाळाला लावत, कागदाच्या पुडीत घालत आणि पुडीवर लाल शाईनं सही करून परत देत. "पुडी उबेला ठेवा. गेलेल्या माणसाला फार थंडी वाजते हो! तिसऱ्या दिवशी उघडा. सगळं ठीक असेल तर नाणं असंच राहील. पण तिकडचं कोणी नाराज असेल, तर ते येईल आणि आपला अंगठा उठवून जाईल."

पुढच्या रांगेतला एक मनुष्य उठला आणि त्याचं नाणं सगळ्यांना दाखवायला लागला. चकचकीत चांदीवर काळाभोर अंगठा. रेघ न् रेघ दिसत होती. "माझे वडील," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

माझी धाकटी बहीण मला इथे ओढून घेऊन आली होती. तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता गेला. तेव्हापासून ती बिचारी दाराची बेल वाजली तरी दचकते. तिला एकच मुलगी, बारा वर्षांची. लहानपणी इवलीशी होती म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायला लागलो, आणि सातव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. रोज इन्सुलिनच्या सुया. "साखर न खाणारी जगातली एकमेव मुंगी," असं ती स्वतःच सांगते.

धाकटीनं नवऱ्याच्या कपाटातलं नाणं आणलं होतं. मी आईचं. माझी पाळी आली तेव्हा महाराजांनी नाणं चिमटीत असं धरलं, की अंगठा थेट नाण्याच्या चेहऱ्यावर. मला राहवलं नाही.

"महाराज, कडेनं धरा. चेहऱ्याला बोट लावू नका."

"बाई, देवाघरच्या माणसांना कड नसते!" ते म्हणाले. तीनशे लोक माझ्याकडे बघून हसले. माझं नाक कापलं गेलं आणि मी मुकाट्यानं पुडी घेतली.

आता मी कोण ते सांगते. जुन्या नाण्यांचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं मी एकच काम करते: नाण्याचं रूप खरं आहे की कोणी केलेलं, ते ओळखायचं. नाणं जुनं असलं म्हणजे त्याचा चेहराही जुना असेलच असं नाही. लोक नाणी घासतात, तारेच्या ब्रशनं चमकवतात, औषधात बुडवून पांढरीफेक करतात. मग ती फारच नवी दिसायला लागली की पुन्हा काळी करतात. गंधक लावतात, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडतात, ओव्हनमध्येसुद्धा भाजतात. खरा काळेपणा वयाबरोबर येतो, कडेकडून आत, हळूहळू, छटा बदलत. केलेला काळेपणा नुसता वर बसतो. भिंगाखाली तो पोरासोरांनासुद्धा कळेल, फक्त बघायची सवय हवी. ऑफिसात मला सगळे भिंगवाली म्हणतात आणि मला ते आवडतं.

त्यामुळे भांड्यातलं पाणी काय होतं हे मी वासावरून ओळखलं. किंचित कुजक्या अंड्यासारखा वास. चांदी धुवायचं औषध, कुठल्याही दुकानात मिळतं. जिना उतरतानाच मी धाकटीला सांगितलं.

"तुला ना ताई, जिथे तिथे नाक खुपसायचं असतं," ती चिडली. "बरं, धुतलं औषधानं. मग अंगठा? तो कुठून येतो?"

"बघू या येतो का."

घरी येऊन मी पुडी हळूच उघडली, भिंगाखाली नाणं धरलं. स्वच्छ. तसूभरही डाग नाही. पुडी बंद करून खिडकीत उन्हात टाकून दिली आणि विसरले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता, ऑफिसला निघताना, सहज उघडली.

अंगठा होता.

खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुडी हातातून पडली, नाणं घरंगळत पलंगाखाली गेलं, आणि ते काढायला वाकायची माझी हिंमत होईना. बोटांचे ठसे चांदीवर उठतात हे मला माहीत होतं, का नसेल? कोणी निष्काळजीपणानं धरलेल्या नाण्यावर ते उठतात, पण महिन्यांनी, वर्षांनी. तीन दिवसांत असा डांबरासारखा ठसा सत्तावीस वर्षांत मी पाहिला नव्हता. आणि मी माझ्या डोळ्यांनी, माझ्या भिंगातून, ते नाणं स्वच्छ पाहिलं होतं.

आई गेली तेव्हा मी ऑफिसात होते. हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला होता आणि मी "काम आटोपून येते" म्हणाले होते. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. आता दिवसाढवळ्या माझ्याच खोलीत मला पलंगाखालून कोणीतरी विचारतंय असं वाटायला लागलं की आटोपलं का काम?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, त्यातली गत झाली. मी काठीनं नाणं बाहेर ओढलं, रुमालात गुंडाळलं आणि ऑफिसला गेले. एक नाणं पाडलं, साहेबांची बोलणी खाल्ली. धाकटीला फोन करावा असं दहादा मनात आलं. पण काय सांगू? रविवारी जिन्यात एवढी अक्कल शिकवलेली भिंगवाली आता भुताला घाबरलीय म्हणून? मी गप्प बसले. ती रात्रही कूस बदलत काढली.

गुरुवारी दुपारी बाराला तिचाच फोन आला.

"ताई, अंगठा मंगळवारीच उठला." तिचा आवाज सपाट होता. "मी शेगडीजवळच्या फळीवर ठेवली होती पुडी. महाराजांकडे जाऊन आले. ते म्हणाले, तो मुलीला हाका मारतोय. सुया टोचतात त्या त्याला लागतात. नऊ दिवस सुई बंद ठेवायची आणि घरातली सगळी जुनी चांदी त्यांच्या पेटीत घालायची. चांदी दिली मी."

"आणि सुई?" मी ओरडले. "सुई कधीपासून दिली नाहीस?"

"मंगळवार संध्याकाळपासून."

मी पर्स उचलली आणि धावत सुटले. टॅक्सीत बसल्यावर बोटांवर तास मोजायला लागले आणि चाळीसच्या जवळ आल्यावर मोजणं सोडून दिलं.

मुंगी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडली होती. उशाशी पाण्याचा जग, तो रिकामा, शेजारी ओकारीची बादली. ती पळून आल्यासारखी खोल श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला सडक्या फळांचा वास येत होता.

"मावशी," ती म्हणाली, "बाबा माझ्यावर का रागावलेत?"

मी तिला उचलायला गेले तर धाकटी दारात आडवी उभी राहिली. केस पिंजारलेले, डोळे लाल.

"हॉस्पिटलात नेशील तर तिथे सुई देतील. सुई दिली आणि तो तिला घेऊन गेला तर?"

"अगं, सुई नाही दिली तर ती अशीच जाईल! डोळे आहेत ना तुला? श्वास बघ तिचा!"

"तू आधीपासून त्यांच्या विरोधात! तुझ्याकडे आला असता अंगठा म्हणजे कळलं असतं!"

मी रुमाल काढला आणि नाणं तिच्यापुढे धरलं.

"आईचा?" तिनं कसंबसं विचारलं.

मला "हो" म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं, कारण तोपर्यंत मी त्या नाण्याकडे नीट बघितलंच नव्हतं. भीतीमुळे कालपासून रुमाल उघडला नव्हता. भिंग पर्समध्येच होतं. हाताला दुसरं काही सुचेना म्हणून मी ते काढलं आणि खिडकीशी गेले.

काळेपणा कडेकडून आलेलाच नव्हता. कड पांढरीस्वच्छ होती. ठशाच्या रेघांमधली चांदी चमकत होती आणि काळं फक्त रेघांवर, शिक्का मारल्यासारखं, वर बसलेलं होतं. असलं काम मी रोज नापास करते. आणि ठशाच्या मधोमध, सगळ्या रेघा तोडत गेलेली, एक तिरपी पांढरी चीर होती. ज्याचा कोणाचा हा अंगठा होता, तो कधीतरी चांगलाच कापला गेला होता.

"तुझं नाणं आण," मी म्हणाले.

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

तिनं आणलं. तोच काळा ठसा, मधोमध तीच तिरपी चीर. मी भिंग तिच्या डोळ्याला लावलं. ती बघत राहिली, पण तिचा चेहरा तसाच.

"आई आणि तिचा जावई," ती पुटपुटली. "दोघं एकत्र आले असतील."

आता हिला काय म्हणावं? माझा हात उठणार होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, माझं पण बघता?"

खालच्या मजल्यावरची बाई होती. आमचा आरडाओरडा ऐकून वर आली होती. गेल्या वर्षी तिचं बाळ गेलं, तेव्हापासून ती कोणाशी धड बोलत नसे. तिनं मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर नाणं, नाण्यावर काळा अंगठा. मी भिंग धरलं. तीच चीर, त्याच जागी. मी तिन्ही नाणी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं.

तिनं पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. परत पहिल्यापासून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा आपल्या नाण्याशेजारी ठेवला. नाण्यावरचा मोठा होता.

"माझं बाळ अकरा दिवसांचं होतं," ती म्हणाली. "त्याचा अंगठा वाटाण्याएवढा होता. हा कोणाचा?"

सतरंजीवरून मुंगीच्या श्वासाचा आवाज येत होता. धाकटीनं त्या तीन नाण्यांकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं, आणि एकदम दारातून बाजूला झाली. धावत आत गेली, फ्रीजमधून एक गुंडाळलेला डबा घेऊन आली. "मी औषध फेकलं नव्हतं गं ताई," ती रडायला लागली. "फेकायचं धाडस नाही झालं. देऊ का? आता देऊ का?"

मी मुंगीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. "तशीच उचला आणि आणा," त्या म्हणाल्या. खालच्या बाईनं मुंगीला उचललं. आमच्यात तिच्याच अंगात तेवढं बळ उरलं होतं.

डॉक्टरबाई आम्हाला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शेवटची सुई कधी?" धाकटीनं सांगितलं. "कधी?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि पुढचं काही न ऐकता आत गेल्या. दोन दिवस मुंगी अतिदक्षता विभागात काचेपलीकडे होती. ते दोन दिवस मी लिहू शकणार नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खायला मागितलं आणि धाकटी भिंतीला टेकून खालीच बसली.

मुंगी घरी आल्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघी पुन्हा हॉलमध्ये गेलो. मी आपली शेवटच्या रांगेत, तोंडावर पदर घेऊन. धाकटी आणि खालची बाई नाणी घेऊन रांगेत. ती दोन्ही नाणी मी घरीच आधी औषधानं धुऊन कोरी केली होती आणि अर्ध्या भागाला रंगहीन नेलपॉलिश लावलं होतं. सुकल्यावर दिसतसुद्धा नाही. आणि महाराज नाण्याकडे बघतच नव्हते, हे आता माझ्या लक्षात आलं. ते देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचे. डोळे रडके दिसले, किंवा माझ्यासारखीनं तोंड चालवलं, की फडक्याजवळच्या डबीत अंगठा हळूच फिरायचा. बाकीच्यांची नाणी ते कपाळाला लावायचे ती नुसत्या कोरड्या बोटांनी.

"रडायला मला काही करावं लागत नाही," खालची बाई जाताना म्हणाली होती.

पुढच्या रविवारी ती दोन्ही पुड्या घेऊन सरळ टेबलापाशी गेली आणि हॉलकडे तोंड करून म्हणाली, "आले हो! दारापर्यंत आले!" तीनशे माना वळल्या. तिनं महाराजांची सही सगळ्यांना दाखवली, कागद फाडला आणि नाणं पहिल्या रांगेत दिलं.

अर्धा अंगठा. डावीकडे काळाभोर, उजवीकडे चकचकीत चांदी, मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ. दुसऱ्या पुडीतही अर्धाच.

"उजव्या बाजूला आम्ही नेलपॉलिश लावलं होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे मरणाचं दार ओलांडून आले आणि नेलपॉलिशपाशी अडले?" कोणीतरी फिसकन हसलं.

महाराज ताडकन उभे राहिले. "परीक्षा घेतलीत? गेलेल्यांची परीक्षा? आज सूर्य मावळायच्या आत तुमच्या घरात—"

हसू तिथल्या तिथे मेलं. मी सगळं जाणून होते, तरी माझी नजर दाराकडे गेली. शेजारच्या बाईनं माझा दंड घट्ट धरला होता. पण धाकटी जागची हलली नाही.

"माझ्या घरात जे होणार होतं ते तुमच्यामुळे होणार होतं," ती म्हणाली. "उजवा अंगठा दाखवा."

महाराजांनी मूठ मिटली. ज्या हातानं त्यांनी शेकडो लोकांची नाणी घेतली, तो हात काही केल्या उघडेना. "दाखवा की महाराज, त्यात काय एवढं?" म्हातारा गर्दीतून वाट काढत पुढे येत म्हणाला. महाराज मागच्या दाराकडे वळले, टेबलाला धडकले आणि फडक्याखालची चपटी डबी टणकन खाली पडली. म्हाताऱ्यानं ती उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं. "अहो, हे तर खरजेचं मलम!"

खरजेचं मलम. गंधक घातलेलं, औषधांच्या दुकानात मिळणारं. लोकांनी महाराजांना अडवून त्यांचा अंगठा बघितला. त्यावर पिवळट तुकतुकी होती आणि मधोमध जुन्या जखमेची तिरपी चीर. पोलीस येईपर्यंत मी टेबलापाशी उभी राहून सगळ्यांना रीत दाखवली. मलम अंगठ्याला लावायचं, पुसून टाकायचं, म्हणजे जेमतेम ओशटपणा उरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंगालासुद्धा नाही. मी फसले ती तिथेच. नाणं औषधानं धुतलेलं, म्हणजे उघडी कोरी चांदी. तिच्यावर अंगठा दाबायचा. गंधक चांदीला लागलं की ती काळी पडते आणि ऊब मिळाली की लवकर पडते. गेलेल्यांना थंडी वाजते ती एवढ्यासाठी! नेलपॉलिशच्या आड चांदीला गंधक लागलंच नाही, म्हणून तिथे काही उठलं नाही. मी माझा अंगठा दाबला, चपलावाल्यानं शेजारच्या शिंप्याकडून गरम इस्त्री आणली, पुडी तिच्यावर ठेवली. थोड्या वेळानं कागद उलगडला तर माझा अंगठा उठलेला. आणि मी तर अजून गेलेली नाही.

घरी परतताना मी धाकटीला ते सांगून टाकलं. बुधवारी सकाळी नऊलाच मला अंगठा दिसला होता. मी त्याच क्षणी तुला फोन केला असता तर मुंगीचा एक अख्खा दिवस वाचला असता. मी सत्तावीस तास गप्प बसले, कारण मी घाबरले होते आणि घाबरल्याची मला लाज वाटत होती.

ती पुढे चालत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि तसं झालं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. मग म्हणाली, "पुढच्या वेळी घाबरलीस की लगेच फोन कर."

तुम्हालाही मी तेच सांगेन. महाराजांचं भांडवल मलम नव्हतं. आपण प्रत्येक जण आपापली पुडी घेऊन आपापल्या घरात एकेकटे घाबरत बसलो, हे त्यांचं भांडवल होतं. तीन नाणी एका खिडकीत आली आणि खेळ संपला. तेव्हा भीती वाटली तर वाटू द्या, तिची लाज नको. पण ती कोणाला तरी सांगा. जे दिसलं ते उजेडात आणा, शेजाऱ्याचं त्याच्याजवळ ठेवा, आणि विचारा की याला आधी हात कोणाचा लागला होता? आणि उत्तर मिळेपर्यंत, जिवंत माणसाच्या सांगण्यावरून काय किंवा मेलेल्याच्या, लेकराचं औषध बंद करू नका.